संकष्टीचं चीज

बुधवार हा माझा मोकळा वार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्तमहाराजांचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार आमच्या कुळदैवताचा, खंडोबाचा. हे सगळेच वार कडक नसतात. काही एकवेळचे, काही फळांवरचे, रविवारी तर नुसता कांदा-लसूण वर्ज्य. पण बुधवारी मी चारचौघींसारखी दोन्ही वेळा जेवते. आमचे हे रेल्वेत गार्ड आहेत. ते म्हणतात, तुझा आठवडा म्हणजे न थांबणारी गाडी, बुधवारी तेवढी पाणी भरायला उभी राहते.

ज्याचं त्याचं असतं.

त्या दिवशी सकाळी मी देवघरात जपाला बसले होते आणि बाहेरच्या खोलीत आमची सून हर्षदा फोनवर बोलत होती. जप चालू असताना कानावर पडलेलं ऐकलेलं धरत नाहीत, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. पण त्यांच्या वेळी घरात फोन नव्हता. हर्षदा रांजणगावच्या कारखान्यात आहे, तिथं ती नुकतीच पर्मनंट झाली होती, आणि तिच्या सेक्शनच्या मुली पार्टी मागत होत्या. ती हसत हसत तिच्या मैत्रिणीला, तेजश्रीला, सांगत होती, "घरी नको गं. आमच्याकडं रोज कुठला ना कुठला उपास असतो. तुम्हाला काय साबुदाणा घालू? शिरूरलाच हॉटेलात बसू. नाहीतरी तिकडं खोली बघायचीच आहे."

माळेतला मणी माझ्या बोटांत तसाच राहिला.

मुलगी वाईट मनाची नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कोरेगाव भीमाची, चार माणसांच्या मोकळ्या घरातली. सकाळी दौंडहून लोकलनं केडगाव, तिथून चौफुला, तिथून कंपनीची बस, आणि संध्याकाळी तेच उलटं. माझा मुलगा जयसिंगही त्याच भागात, दुसऱ्या कारखान्यात. दोघांनी शिरूरला खोली घ्यावी यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मला लागलं ते वेगळंच. जायचं तर जा, पण आपल्या माणसांना या घरात आणायची लाज वाटते म्हणून जाऊ नये. माझ्या देवांनी कुणाला घराबाहेर काढलं, असं माझ्या जिवंतपणी तरी व्हायला नको होतं.

त्याच दुपारी टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एक बाई चीजचा गरम पदार्थ करून दाखवत होत्या. चीज किसायचं, त्यात दूध, लोणी, थोडा मैदा, बारीक चिरलेली ढोबळी मिरची, मिरेपूड आणि चवीनुसार मीठ. भांड्यात घालून ओव्हनमध्ये ठेवायचं, वरून तांबूस झालं की पाव नाहीतर टोस्ट बुडवून खायचं. पार्टीसाठी अगदी सोपं, दहा मिनिटांत तयार, असं त्या बाई तीनदा म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता की मी विश्वास ठेवला.

संध्याकाळी मी हर्षदाला म्हटलं, "तुझ्या मैत्रिणींना घरीच बोलव. बुधवारी. गुरुवारी तुमच्या कारखान्याला सुट्टी असते, उशीर झाला तरी चालेल. मी चीजचं करीन."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मारुतीनं शेपूट खाली ठेवली. "आई, तुम्ही? चीजचं?"

"दहा मिनिटांत होतं," मी म्हटलं.

तिनं फोन केले, निमंत्रणं गेली. आणि मग सोमवारी उदबत्ती लावताना माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. बुधवारच्या चौकटीत चंद्र होता. संकष्टी. इतक्या वर्षांत मी चतुर्थी विसरले नव्हते. पण बुधवार म्हटला की तो मोकळाच असणार या भरवशावर मी कॅलेंडर बघितलंच नाही. आता तारीख बदलायची म्हणजे तिच्या मैत्रिणींना सांगायचं काय, तर आमच्याकडं उपास आहे. म्हणजे जे तिनं फोनवर सांगितलं होतं तेच. मी ठरवलं, उपास मी धरीन, पण कुणाला कळू देणार नाही. चंद्रोदय नवाच्या पुढं होता. तोवर पाहुणे जातील. मुकाट्यानं केलेल्या व्रताचं पुण्य जास्त असतं, असंही ऐकून आहे.

आता चीज. दौंडच्या बाजारात पोपटरावांची बेकरी आहे. ते म्हणाले, काकू, मार्चपासून चीज ठेवत नाही, लाइट जाते आणि फ्रीजमध्ये त्याचं पिठलं होतं. मग आमच्या ह्यांनी जबाबदारी घेतली. त्यांचे मित्र तात्याबा, तेही गार्ड, त्याच सोमवारी पुण्याहून गाडी घेऊन येणार होते. त्यांनी पुण्यात चीज घ्यायचं आणि दौंडला उतरताना आणायचं. यात चुकण्यासारखं काही नाही, असं हे म्हणाले. ज्या कामाबद्दल हे असं म्हणतात ते काम मी मनातून देवाच्या हवाली करते.

दौंडला गार्ड बदलतो. तात्याबा उतरले. त्यांची पेटी उतरली, झेंडे उतरले, दिवा उतरला, डबा उतरला. चीज गार्डाच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, राहिलं आणि सोलापूरला गेलं.

हे फार चिडले. तात्याबांवर नाही, चीजवर. चीजला स्वतःची जागा कळायला हवी होती अशा सुरात ते बोलत होते. मग त्यांनी पुढच्या गार्डाला निरोप पाठवला, त्यानं सोलापूरच्या कुणाला, आणि मंगळवारी दुसऱ्या गाडीनं चीज परत आलं. मी अजून सोलापूर पाहिलेलं नाही. पाकीट हातात घेतलं तेव्हा ते उशीसारखं मऊ लागत होतं, कोपरे बसले होते. हिरवा ठिपका आहे ना ते आधी बघितलं, देवाला हात जोडले आणि पाकीट पाण्याच्या पातेल्यात ठेवलं.

ओव्हन आमच्याकडं नव्हता. आमच्या रेल्वे कॉलनीच्या महिला मंडळाचा होता. केकच्या वर्गासाठी वर्गणी काढून घेतलेला, गोल, झाकणाला काच असलेला. वर्ग दोनदा भरला, मग मैदा महाग झाला. तेव्हापासून ओव्हन सेक्रेटरी गिताबाईंच्या घरी होता. त्यावर मिक्सर, मिक्सरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. गिताबाईंची आणि आमची भिंत एकच. त्यांनी फोडणी दिली की मला शिंक येते. पण मी ओव्हन मागितला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्ज लागेल."

मी अर्ज लिहिला. तो त्यांनी माझ्याच समोर वाचला, घडी घातली आणि अध्यक्षांची मंजुरी लागते म्हणाल्या. अध्यक्ष यवतला नातवाच्या बारशाला गेलेल्या. त्या नसतील तर मंजुरी उपाध्यक्षांची, असं नियमात होतं. उपाध्यक्ष मी होते. मला हे आठवतही नव्हतं, कारण उपाध्यक्षांना आजवर काही विचारलंच नव्हतं. मी पेन घेतलं तर गिताबाईंनी कागद मागं ओढला. म्हणाल्या, आपलाच अर्ज आपणच मंजूर केला तर लोक काय म्हणतील. मी विचारलं, लोक म्हणजे कोण. त्या म्हणाल्या, मी.

शेवटी समोरच्या क्वार्टरमधल्या सोजराबाईंना कमिटी मेंबर म्हणून बोलावलं. त्यांचे मालक रूळ बदलणारे पॉइंट्समन. बाई उंचनिंच, आवाज असा की यार्डातल्या इंजिनानं वळून बघावं. त्यांनी सही केली आणि मला म्हणाल्या, "ताई, येवढ्या कागदात तर माझी दोन लग्नं झाली असती."

बुधवार उजाडला. ह्यांची ड्यूटी लागली होती, ते रात्री येणार. जयसिंगची दुसरी पाळी. हर्षदा पहिल्या पाळीला गेलेली, ती मैत्रिणींच्या थोडी आधी येणार. मी अंघोळ, पूजा, अथर्वशीर्ष आटोपून दुपारी कामाला लागले. गणपतीच्या नैवेद्याचे मोदक आधी करून, झाकून, वरच्या फळीवर ठेवले. मग पदर खोचून चीज किसायला घेतलं. सोलापूर बघून आलेलं चीज किसत नव्हतं, किसणीला मिठी मारत होतं. सोजराबाई मागच्या दारानं येऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे नेमकं हाय काय. मी म्हटलं, दुधाचंच, खव्यासारखं.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरी पहिला घास रोज देवाला निघतो, आणि देवाला जायचं ते चाखायचं नाही ही सासूबाईंची शिकवण. त्यामुळं नैवेद्यच काय, रोजची आमटी-भाजीही मी कधी चाखून बघितली नाही. मीठ हातानं घालते, अंदाज वासावरून. वाफेवरून मी मीठ ओळखते असा माझा कॉलनीत लौकिक आहे. निदान तसं मी समजत होते.

सगळं एकत्र करून गॅसवर जरा गरम केलं आणि त्याची वाफ घेतली. आमटी बोलते, भाजी बोलते. हे काहीच बोलेना. दूध, लोणी आणि मैद्याचा वास आला. मला वाटलं, खव्याला मीठ नसतं, पनीरला नसतं, खरवसाला नसतं. दुधाच्या कुठल्याच पदार्थाला नसतं. म्हणजे मीठ सगळं आपणच घालायचं. टीव्हीवरच्या बाई म्हणाल्या होत्या, चवीनुसार. आता चव बघायची कुणी?

मी सोजराबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं नका बघू. माझी चतुर्थी हाय."

भिंतीवर थाप मारून गिताबाईंना विचारलं. भिंतीपलीकडून आवाज आला की त्यांचीही. वर, मंडळाच्या ओव्हनमधला पदार्थ सेक्रेटरीनं चाखणं योग्य दिसणार नाही, हेही आलं. क्वार्टरच्या सगळ्या ओळीत त्या दुपारी मैद्याचा पदार्थ तोंडात घालू शकेल अशी एकही बाई नव्हती. दारात मांजर होतं. त्याला बोटभर दिलं. त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि शेपटी वर करून निघून गेलं. त्याचीही चतुर्थी असावी.

मग मी अंदाजानं मीठ घातलं. दोन किलो भाजीला घालते तेवढं नाही, पण पाहुण्यांसाठी करतोय हे लक्षात ठेवून.

भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, बटण दाबलं आणि टप्प असा आवाज होऊन आमची लाइट गेली. आमची एकटीची गेली असती तर सोसलं असतं. सगळ्या ओळीची गेली. गिताबाई दारात आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न ओव्हनच्या तब्येतीबद्दल विचारला. मी कॉलनीच्या ऑफिसात तक्रार नोंदवायला गेले, तिथं फ्यूज कशानं गेला ते लिहा म्हणाले. मी लिहिलं, चीज. तिथल्या माणसानं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि काकू, इलेक्ट्रिशियन जेवायला गेलाय म्हणाला. त्याचा तरी उपास नव्हता.

घरी आले तर सोजराबाईंनी मोठी कढई चुलीवर म्हणजे आमच्या गॅसवर चढवली होती. समोर रस्त्याच्या कामासाठी वाळू पडली होती, त्यातली पाटीभर आणून, चाळून कढईत घातली होती. केक करायची ही आमची जुनी रीत. वाळू तापवायची, तीत भांडं ठेवायचं, वर झाकण. मला हायसं वाटलं. म्हटलं, मी देवापुढं दिवा लावून येते, तुम्ही लक्ष ठेवा. दिवा लावून आले तोवर पदार्थ वाळूत बसला होता आणि सोजराबाई पदराला हात पुसत होत्या. मला तेव्हा त्या हात का पुसतायत याचा विचार सुचला नाही.

दिवेलागणीला हर्षदा आली. घामानं डवरलेली, केस विस्कटलेले. स्वयंपाकघरात येऊन तिनं झाकण उचललं. कडेनं बुडबुडे येत होते, वर तांबूस साय धरली होती, टीव्हीवरच्यासारखीच. तिचा चेहरा असा काही उजळला की माझ्या उपाशी पोटात धन्य वाटलं. मी म्हटलं, बघ जरा, तुला कळेल. आणि मी मुद्दाम बाहेर गेले, कंदील लावायला आणि सतरंजी नीट करायला. मला वाटलं ती चाखेल, कमी-जास्त करील, मग पदार्थ तिचाही होईल.

पाहुण्या आल्या. तेजश्री आणि आणखी चौघी, कंपनीच्या जीपमधून. दारात चपला, अंगाला मशीनच्या तेलाचा आणि पावडरीचा मिसळलेला वास. सगळ्या मला वाकून नमस्कार करायला लागल्या, मी नको नको म्हणत राहिले. तेजश्री ही त्यांची सुपरवायझर. धीट मुलगी. बसता बसताच म्हणाली, "काकू, हर्षदा म्हणाली होती तुमच्याकडं रोज उपास असतो. आम्ही शिरूरला वडापाव खाऊन आलो."

सगळ्या हसल्या. हर्षदा खाली बघायला लागली. मी सुद्धा हसले. म्हटलं, आज बुधवार, माझा मोकळा वार. देवघर आतल्या खोलीत होतं, पण मला वाटलं गणपतीनं सोंड जरा वळवली.

गरम भांडं मधे ठेवलं. टोस्ट ठेवले. वास खरंच छान सुटला होता. तेजश्रीनं टोस्टाचा तुकडा चांगला खोलवर बुडवला, लांबलचक तार निघाली, सगळ्यांनी वा वा केलं. तिनं घास घेतला.

माणूस चावतं, गिळतं आणि मग बोलतं. तेजश्रीनं चावलं आणि ती थांबली. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. मग तिनं गिळलं, सुपरवायझरला शोभेल असं, आणि फार नम्रपणे म्हणाली, "काकू, पाणी मिळेल का?"

दुसरीनं घेतलं. तिनंही पाणी मागितलं. तिसरीनं मागायची वाट न बघता तांब्याच उचलला. आमच्या कॉलनीत नळाला पाणी सकाळी एकदा येतं. माठ अर्धा झाला. मी तांब्या भरायला आत गेले, मागून हर्षदा आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही चाखलं नव्हतं?"

"कशी चाखणार? संकष्टी आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही उपास धरलाय? आणि मला बोलला नाहीत?"

"तुझ्या पार्टीच्या दिवशी कुठं सांगू? पण मी म्हटलं होतं तुला, बघ म्हणून. तू नाही चाखलंस?"

ती पदराचं टोक, म्हणजे ओढणीचं, बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझाही आहे."

"काय?"

"उपास. कॅलेंडरवर बघितलं होतं. तुम्ही माझ्यासाठी चीज करताय, तर म्हटलं आपण एक चतुर्थी धरावी. सकाळपासून पाण्यावर आहे. चंद्र उगवला की सांगणार होते तुम्हाला."

एवढ्या मोठ्या घोटाळ्यात मला हसू का आलं ते सांगता येत नाही. बाहेर पाच मुली पाणी पीत होत्या आणि आत आम्ही दोघी एकमेकींपासून लपवून एकाच देवासाठी उपाशी होतो. मी म्हटलं, असू दे, माझाच हात सैल पडला असेल. तर ती आणखीच खाली बघून म्हणाली, "नाही आई. मी वरून घातलं. झाकण उचललं तेव्हा. एक चमचा."

"का गं? न चाखता?"

"तुमच्या हातचं नेहमी कमी असतं ना, म्हणून."

"नेहमी?"

ती तांब्या घेऊन माठाकडं वळली. पण शब्द निघून गेला होता.

मागच्या दारात सोजराबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "ताई, म्या बी टाकलं व्हतं. तुमी दिवा लावाया गेला तवा. तुमच्या हातचं अळणी असतंय, ते सगळ्या लाइनीला म्हाईत हाय. म्हटलं पाव्हन्यांपुढं तुमची इज्जत जाया नगं."

मी ओट्याला टेकले. चीजच्या पोटात मीठ मुळातच असतं, हे हर्षदानं तेव्हा सांगितलं. म्हणजे कंपनीचं मीठ, माझं मीठ, सोजराबाईंचं मीठ आणि सुनेचं मीठ. चौघांनी मायेनं घातलेलं. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मला आमचं जेवणाचं ताट दिसत होतं. ताटाच्या डावीकडं, मिठाची वाटी. आमचे हे बसले की पहिल्यांदा त्या वाटीकडं हात नेतात. मी इतकी वर्षं समजत होते की ती त्यांची सवय आहे, जशी कुणाला जेवणाआधी चित्राहुती घालायची असते. जयसिंग लहानपणापासून वाटी ओढून घ्यायचा. मला वाटायचं बापाचं बघून करतो. एकानंही कधी म्हटलं नाही, आज मीठ कमी आहे. माझी स्वतःची जीभ तर त्या अळणीलाच सरावली होती. वाफेवरून मीठ ओळखणारी बाई म्हणून मी ओळीत मिरवत राहिले आणि सगळी ओळ मला सांभाळत राहिली.

सोजराबाईंनी मला जास्त विचार करू दिला नाही. त्या घरी गेल्या आणि रात्री उपास सोडण्यासाठी भाजून ठेवलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी घेऊन आल्या. चुरचुरीत, पापडासारख्या, बिनमिठाच्या. त्यांचे त्यांनी तुकडे केले, बाहेर नेऊन मुलींच्या पुढं ठेवले आणि दमच भरला, "टोस्ट ठेवा बाजूला. भाकरीला निसतं बोट लावल्यागत लावा. बुडवायचं न्हाई."

तेजश्रीनं भीत भीत तसं केलं. चावलं. आम्ही तिघी दारात उभ्या. ती म्हणाली, आता बरं लागतंय. मग दुसरीनं घेतलं. भाकरी मोठी आणि चीज कणभर, असं करत करत त्यांनी चांगलं अर्धं भांडं संपवलं, आणि माठ पूर्ण. जाताना तेजश्री हर्षदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हॉटेलात एवढं पाणी कुणी दिलं नसतं." हर्षदानं तिला एक चापटी मारली. मग तिनं सगळ्यांना देवघर दाखवलं, माझे देवांचे फोटो, माझ्या पोथ्या, वारांचे वेगवेगळे दिवे. लाजत नव्हती. एक एक सांगत होती, हा सोमवारचा, हा शनिवारचा, चुकत होती, मी दुरुस्त करत नव्हते.

लाइट आली ती जीप गेल्यावर. गिताबाई ओव्हन घ्यायला आल्या, काचेवर फुंकर मारून बघितली आणि सुस्थितीत परत मिळाला असं तोंडी म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, उरलंय का थोडं. त्यांचाही चंद्रोदय व्हायचा होता. मी वाटीत घालून दिलं आणि पाणी भरून ठेवा म्हटलं.

चंद्र वर आला तेव्हा हर्षदानं आणि मी मागच्या अंगणात अर्घ्य दिलं. तिला मंत्र येत नव्हता, मी म्हणत होते, ती हात जोडून उभी होती. यार्डात शंटिंग चालू होतं. मोदकाचा नैवेद्य दाखवला आणि हे ड्यूटीवरून आल्यावर तिघं जेवायला बसलो. पार्टीत काय झालं ते ह्यांना काही माहीत नव्हतं. ह्यांनी भाकरीला चीज लावून घास घेतला. मी आणि हर्षदा बघत होतो. ह्यांचा हात सवयीनं मिठाच्या वाटीकडं गेला, वाटेत थांबला आणि परत आला.

"आज छान झालंय," हे म्हणाले.

हर्षदा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. मी ह्यांच्याकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासून हे शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी कधी मागितले नव्हते, आणि ते का आले नव्हते हे आता कळलं होतं. मीही घास घेतला. जिभेला चटका बसावा इतकं खारट. मी तो घास नीट चावून खाल्ला.

व्रत मोडलं का, चुकलं का, हे मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवत होते. देवानं न चाखलेलं मागितलं, ते मी देत आले. पण त्याचं ताट दाखवून झालं की ते माणसांच्या ताटात यायचं, आणि माणसांनी कधी न चाखलेलं मागितलं नव्हतं. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, हीच तर गोष्ट. आता मी नैवेद्याची वाटी आधी बाजूला काढते. मग आमटी चमच्यानं हातावर घेते आणि चाखते. मिठाची वाटी अजून ताटाशी असते, पण तिच्यातलं मीठ दमट होऊन खडा झालाय.

हर्षदा आणि जयसिंग पुढं शिरूरला गेले. जाण्याचं कारण लोकल, चौफुला आणि कंपनीची बस एवढंच होतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. खोली तेजश्रीच्या ओळखीनं मिळाली, बाजारपेठेच्या मागं, वरच्या मजल्यावर.

त्यांच्या सुट्टीचा वार गुरुवार, म्हणून मी पहिल्यांदा गेले ती गुरुवारीच, न्हावऱ्यावरून एसटीनं. गुरुवारी मी दिवे लागल्यावरच अन्नाला शिवते. तिला ते पाठ होतं. माझ्यासाठी केळी आणून ठेवली होती. तिच्या छोट्या ओट्यावर मुगाची आमटी उकळत होती, खिडकीच्या कोनाड्यात आमच्याकडून नेलेला एक गणपती होता. ती पळीनं आमटी ढवळत होती आणि सारखी माझ्याकडं बघत होती. सोळा वेळा तिनं पळी उचलली असेल आणि परत ठेवली असेल. शेवटी तिनं चमचाभर आमटी घेतली, फुंकर घातली, माझ्यापुढं धरली, आणि मग तिला वार आठवला. चमचा तसाच हवेत राहिला.

"राहू दे आई. आज तुमचा गुरुवार."

मी हात पुढं केला. तिनं माझ्या तळव्यावर आमटी ओतली, कोमट, पिवळी. मी डोळे मिटले, दत्तमहाराजांना मनातल्या मनात एक शब्द सांगितला आणि चाखली.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.